उरकुडे प्रॉसिक्यूटर आणि देवाचा बैल

दारव्ह्याच्या कोर्टामागे एक लांबट खोली होती. तिच्या दारावर आधी मध्य प्रदेश सरकारची पाटी होती. छप्पन सालच्या नोव्हेंबरात ती काढून मुंबई राज्याची लावली. पाटी रंगवणारा पेंटर तोच होता, अक्षराचं वळण तेच होतं आणि आत बसणारा माणूसही तोच होता. पुंडलिकराव उरकुडे, पोलीस प्रॉसिक्यूटर. तालुक्यातल्या ठाण्यांनी धरलेली माणसं मॅजिस्ट्रेटसमोर उभी करायची आणि त्यांच्यावरचा गुन्हा शाबीत करायचा, एवढं त्यांचं काम. खोलीला एकच खिडकी होती. ती कोंडवाड्याकडे उघडत होती, म्हणून कायद्याच्या पुस्तकांना शेणाचा वास असे.

पुंडलिकराव कळंबजवळच्या एका गावातले. बापाची कपाशी, स्वतःचं नागपूरचं कायद्याचं शिक्षण. काही वर्षं यवतमाळला वकिली केली, पण ती चालली नाही. अशील पहिल्यांदा भेटायला आला की तो हरणार असं त्याला सांगून टाकायची त्यांना सवय होती. "अजी, डॉक्टरसुद्धा इतकं तोंडावर सांगत नाही," असं त्यांची बायको वच्छलाबाई म्हणे. शेवटी पोलीस खात्यात ही जागा निघाली. इथे अशील म्हणजे सरकार. सरकारला हरण्याचं दुःख नव्हतं. ते का हरलं याचा अहवाल तेवढा यवतमाळला पाठवावा लागे.

ठाण्यातून चालान, म्हणजे खटल्याच्या कागदांचा गठ्ठा, येई. ऑफिसचं सगळं लिहिणं-ठेवणं पाहणारा हवालदार कन्नाके ते मोठ्याने वाची आणि पुंडलिकराव डोळे मिटून ऐकत. मध्येच एक बोट वर होई. कन्नाके थांबे.

"हा पंच कोन?"

"मारोती वाघाडे, साहेब."

"हा मारोती त्या दिवशी दारू पिऊन आपल्याच हवालातीत होता ना?"

कन्नाके कागद उलटेपालटे करी. "होय जी. होता."

"मंग यानं गजातून पाह्यला का पंचनामा?"

चालान परत जाई. ठाणेदार शिव्या देई आणि जमेल तेवढं दुरुस्त करून पाठवी. जे दुरुस्त होण्यासारखं नसे ते पुंडलिकराव कोर्टात अशा वाटेने नेत की चाक खड्ड्यात जाऊ नये. नव्या कायद्याने आरोपीला साक्षीदारांच्या बयानांच्या नकला आधीच द्याव्या लागत, तेव्हापासून खड्डे लपवणं अवघड झालं होतं. कन्नाकेची बोटं कार्बनने निळी असत. तारखेच्या सकाळी साक्षीदार व्हरांड्यात बसत. त्यांना त्यांचं बयान वाचून दाखवलं जाई, म्हणजे ते आपण काय बोललो होतो ते विसरून वेगळं काही बोलू नयेत.

घडलेली गोष्ट वेगळी आणि कोर्टात उभी राहणारी गोष्ट वेगळी, याचं पुंडलिकरावांना काही वाटत नसे. खरं आणि खोटं हे शब्द ते ऑफिसात वापरत नसत. शाबीत, नाहीतर नाशाबीत. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही तो प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नाही, हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी नोकरीभर पाळला. घरीही ते फारसे प्रश्न विचारत नसत.

अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात उमरी तांड्याच्या बैलचोरीचं चालान आलं.

उमरी तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती. त्यांच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घालून मुलूख पालथे घातले होते. त्या वेळी तांड्याच्या पुढे एक बैल रिकामा चाले. तो देवाला वाहिलेला असे. त्याच्यावर ओझं नाही, मानेवर जू नाही, गळ्यात दावं नाही. तो जिथे बसेल तिथे तांड्याचा मुक्काम. आता तांडा कुठेच जात नव्हता. लोक ज्वारी आणि कपाशी करत होते. पण बैल होता. पांढरा, शिंगांना लाल रेशमी गोंडे, गळ्यात कवड्यांची माळ. सगळे त्याला गराशा म्हणत.

महादू कोरडे हा गुरांचा हेडी. या बाजारात घ्यायचं, त्या बाजारात विकायचं. गराशाला दिग्रसच्या रस्त्याने नेताना पोलिसांनी त्याला धरला. गोंडे कापलेले होते, माळ तोडलेली होती. महादू म्हणाला, मोकाट बैल रस्त्याने चालला होता, मीही त्याच रस्त्याने चाललो होतो, गळ्यातलं दावं तेवढं माझं. बैल जप्त झाला. आधी तो कोंडवाड्यात आला, खिडकीखाली. बाकीची जनावरं भिंतीला अंग लावून उभी असत. हा मधोमध बसे. मग निकाल लागेपर्यंत सांभाळायला दारव्ह्याच्याच एका शेतकऱ्याला सुपुर्दनाम्यावर देण्यात आला. कामाला जुंपायचा नाही, अशी अट त्यावर पुंडलिकरावांनी घालून घेतली. तशी ती प्रत्येक सुपुर्दनाम्यावर असे आणि कोणी पाळत नसे.

रिपोर्ट तांड्याच्या नायकाचा होता. देवसिंग नायक. पन्नाशीचा, उंच, डोक्याला पिवळा फेटा. तारखेच्या सकाळी तो तांड्यातल्या चार माणसांना घेऊन व्हरांड्यात बसला. कन्नाकेने वाचायला सुरुवात केली.

"समक्ष हजर होऊन रिपोर्ट देतो की, माझे मालकीचा एक पांढरा बैल..."

"थांब," देवसिंग म्हणाला. "हे मी नाही सांगतलं."

"काय नाही सांगतलं?"

"माह्या मालकीचा. मी असं कायले बोलीन?"

"खाली अंगठा तुमचाच हाय ना, नायक?"

"अंगठा माहा हाय. बोलणं लिवणाऱ्याचं हाय."

तांड्यातली माणसं हसली. कन्नाकेला राग आला. "अजी, जनावरचोरीचा रिपोर्ट असाच राह्यते. कोंबडी गेली तरी माझे मालकीची, म्हैस गेली तरी माझे मालकीची. ठाण्यात काय तुमच्यासाठी नवीन रिपोर्ट बसवाव का?"

"कोंबडी देवाची नसते, हवालदार."

पुंडलिकराव दारात उभे होते. ते म्हणाले, "नायक, बैल माझा, एवढं बोललात तर काम सोपं होते. नाही बोललात तर कठीण होते. मी तुमाले काय बोला ते सांगत नाही. काय होईन ते सांगून राह्यलो."

"शपथ घेऊन बोला लागते ना, साहेब?"

"हो."

"देवाची शपथ घेऊन देवाचा बैल माहा म्हणू?"

पुंडलिकराव आत गेले. त्यांनी आपले प्रश्न लिहिलेला कागद काढला आणि त्यातला एक प्रश्न खोडला.

कोर्टात त्यांनी बैल कोणाचा हे विचारलंच नाही. बैल कोणत्या तांड्यातला, किती वर्षांपासून तिथे आहे, कोणत्या दिवसापासून दिसेनासा झाला, पुन्हा कुठे पाहिला. देवसिंग नीट उत्तरं देत होता. मॅजिस्ट्रेट लिहून घेत होते. ते नागपूरकडचे होते, तरुण होते आणि हळू लिहीत. मग आरोपीचे वकील सदाशिवराव मुळावकर उठले. दारव्ह्यातले जुने वकील. त्यांच्याकडेही बयानांच्या नकला होत्या, आणि त्यांनी त्या वाचल्या होत्या.

"नायक, बैल तुमचा?"

"नाही."

मॅजिस्ट्रेटनी मान वर केली.

"मग रिपोर्टात माझे मालकीचा असं आहे ते खोटं?"

"ते माहं बोलणं नाही."

"बरं. मग बैल कोणाचा?"

"देवाचा."

"देवाला साक्षीला बोलावलं आहे का प्रॉसिक्यूटरसाहेबांनी?"

मागच्या बाकांवर हसू फुटलं. शिपाई ओरडला. सदाशिवराव पुढे म्हणाले, "त्याला कोणी बांधत होतं?"

"देवाच्या बैलाले दावं लावत नाहीत. दावं लावलं का देव त्याच्यातून जाते. मंग तो नुसता बैल राह्यते."

"रात्री कुठे असायचा?"

"त्याच्या मनात येईन तिथी."

"चरायचा कोणाच्या शेतात?"

"कोनाच्याबी."

"म्हणजे मालक नाही, दावं नाही, गोठा नाही. असा बैल कोणी हाकत नेला, तर नायक, तुमच्या घरातून काय गेलं?"

"माह्या घरातून काही नाही गेलं," देवसिंग म्हणाला. "तांड्यातून देव गेला."

हे उत्तर मॅजिस्ट्रेटनी लिहून घेतलं. खाली बसण्याआधी सदाशिवरावांनी त्यांच्यासमोर एक जाड पुस्तक उघडून ठेवलं. जुना, इंग्रजांच्या वेळचा हायकोर्टाचा निवाडा. देवाच्या नावाने मोकळं सोडलेलं जनावर कोणाच्याच मालकीचं आणि कोणाच्याच ताब्यातलं नसतं; ते नेणं ही चोरी होत नाही. पुंडलिकरावांना तो निवाडा माहीत होता. त्याच्या उलट बाजूचा दुसरा एक निवाडाही माहीत होता. जनावर देवाचं असलं तरी कोणी माणूस ते आपल्या ताब्यात ठेवून सांभाळत असेल, तर त्याच्या ताब्यातून नेणं ही चोरी आहे. चोरीला मालक लागत नाही. ताबा लागतो. पण देवसिंगने आत्ताच शपथेवर सांगितलं होतं की ताबा कोणाचाच नव्हता.

मॅजिस्ट्रेट जेवायला उठले. त्यानंतर एकच साक्षीदार राहिली होती. रुपीबाई, तांड्यातली विधवा. बैल ओळखण्यापुरती तिला बोलावलं होतं.

ती कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली बसली होती, पुरुषांपासून बरीच दूर. देवसिंग आणि त्याची माणसं पलीकडे विहिरीच्या काठाशी भाकर खात होती. पुंडलिकराव तिच्याजवळ जाऊन उभे राहिले, कन्नाके बयान घेऊन त्यांच्या मागे.

"बाई, बैलाले पाणी कोन पाजे?"

"मी."

"रोज?"

"माह्याच गायीचा तो. धनी दुखण्यात होता तवा देवाले वाह्यला. धनी गेला. वाह्यलेलं काही वापस घेत नाहीत." तिने वर पाहिलं. "तू तो वकील का?"

"साहेबाले तू म्हणून राह्यली, बुढे?" कन्नाके म्हणाला.

"म्हणू दे," पुंडलिकराव म्हणाले. "अंगावरच्या गोचिड्या कोन काढे?"

"मीच. शिंगाले तेल मीच लावो. त्याले दुसऱ्याचा हात चालत नसे."

मग पुंडलिकरावांनी विचारलं. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न होता. पण हे कोर्ट नव्हतं.

"मंग महादूचा हात कसा चालला? त्यानं हाकत नेला, अन् हा गेला?"

रुपीबाईने विहिरीकडे पाहिलं. भाकर खाणाऱ्या माणसांच्या पाठी दिसत होत्या.

"तुले कोनं सांगतलं?" ती हळू म्हणाली.

"कोनी नाही."

तिने पायाजवळची एक काडी मोडली. मग बोलू लागली. ज्वारी निसवली होती. आजूबाजूच्या गावांचे राखणदार गराशाला शेतात आलेला पाहून मारू लागले होते. आधी हाकलत, देवाचा म्हणून. मग काठी. मग एकाने कुऱ्हाडीचा दांडा घातला, पुठ्ठ्यावर, तिथे किडे पडले. तिने ते वेचून काढले. जखम भरली तशी त्याने पुन्हा ज्वारीची वाट धरली. "म्हून मी त्याले बांधो," ती म्हणाली. "घराच्या मागं, कडब्याच्या आडोशाले. ज्वारी उभी होती तवरोक. दिवसा राखणदार शेतात असत तवरोक बांधो, सांजेला सोडो. कोनालेच माहीत नाही. मोकळा असता तर त्या हेड्यानं हात लावल्याबरोबर पोट फाडलं असतं त्याचं. बांधेल होता म्हून गेला. मीच देल्ला म्हण ना त्याले."

कन्नाके बयानाचा कागद पाहत होता. त्यात यातलं काही नव्हतं. त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेबांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. खटला उभा राहिला होता. महादूने रस्त्यावरचा मोकाट बैल नेला नव्हता. एका बाईच्या घरामागून, तिने बांधलेलं जनावर सोडून नेलं होतं. ताबा होता.

"हे मी कोर्टात बोलली तर गराशा येईन का?"

"येईन म्हणून सांगत नाही. येऊ शकते."

"अन् नाही बोलली तर?"

"तर महादू सुटेन बहुतेक. ज्याच्याजवळून बैल जप्त केला त्यालेच वापस भेटते."

"तो काय करीन त्याचं?"

"हेडी हाय तो. इकीन."

"गाडीले?"

"गाडीले. नाहीतर मग..." पुंडलिकरावांनी वाक्य तिथेच सोडलं. बाईला ते पुढचं कळलं होतं.

"मी बोलली तर तो देवाचा नाही राहात," ती म्हणाली. "नायक आताच बोलला ना आत? दावं लागलं का देव जाते. आजवरोक मले एकटीलेच माहीत होतं. मी म्हणो, बिचारा देव, पाहून न पाह्यल्यासारखं करून राह्यला. मी आत बोलली का सगळ्या तांड्याले माहीत होईन. मंग देवालेबी पाहाच लागीन."

"ते कोर्ट नाही पाहात."

"नायक पाह्यते."

शिपाई व्हरांड्यात आला होता. मॅजिस्ट्रेटची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तुम्हीच सांगा, बाई," पुंडलिकराव म्हणाले. साक्षीदाराला हे ते कधी म्हणत नसत. "विचारू का नको?"

रुपीबाई उठून उभी राहिली, घागऱ्याची धूळ झाडली. "मले कायले इचारतं? तू इचारशीन तर मी खोटं नाही बोलणार. नाही इचारशीन तर मी आपल्या मनानं नाही बोलणार. इचाराचं काम तुहं हाय."

ती आत गेली. पुंडलिकराव तिच्या मागून गेले.

शपथ झाली. नाव, वय, राहणार. बैल ओळखते का, ओळखते. पुंडलिकरावांनी हातातला कागद टेबलावर पालथा ठेवला. मॅजिस्ट्रेट टाक धरून थांबले होते. एवढा वेळ कोणी थांबत नाही, म्हणून सदाशिवरावांनीही वर पाहिलं. दुसऱ्या बाकावर देवसिंग बसला होता, दोन्ही हात काठीवर.

"बैल चोरीला गेला त्या दिवशी कुठे होता?"

"माह्या घरामागं."

"मोकळा?"

रुपीबाई त्यांच्याकडेच पाहत होती.

"नाही. बांधेल होता."

"कोणी बांधला होता?"

"मी."

मागे काठी वाजली. देवसिंग उठला होता. त्याने कोर्टाला हात जोडले आणि तो बाहेर गेला. तांड्यातली बाकीची माणसं एकामागून एक उठून त्याच्या मागे गेली. शिपाई त्यांच्यावर खेकसला, पण ती चालू लागली होती. तांड्याचा बाक रिकामा झाला.

सदाशिवरावांनी उलटतपासणी घेतली. ती घ्यावीच लागते.

"नायक म्हणाले दावं लावत नाहीत. तुम्ही म्हणता लावलं. दोघांतलं खोटं कोण बोललं?"

"नायक नाही बोलला खोटं. त्याले माहीत नव्हतं."

"हे आज प्रॉसिक्यूटरसाहेबांनी शिकवलं ना झाडाखाली?"

"त्यानं इचारलं. तुमी नाही इचारलं."

"बांधताना कोणी पाहिलं?"

"बैलानं."

मॅजिस्ट्रेट हसले नाहीत, पण त्यांचा टाक क्षणभर थांबला. मग त्यांनी स्वतःच विचारलं, दावं कसलं होतं. ती म्हणाली, अंबाडीचं, माह्या हाताचं, त्याच्या मानेले काचू नये म्हून जुन्या घागऱ्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. जप्तीच्या वेळी बैलाच्या गळ्यात सापडलेलं दावं मुद्देमालात होतं. महादू ते आपलं सांगत आला होता. कन्नाकेने ते आणून टेबलावर ठेवलं. लाल-निळ्या चिंध्या, त्यात आरशाचा एक फुटका तुकडा शिवलेला. रुपीबाई त्याच कापडाचा तुकडा लावलेला घागरा नेसून उभी होती. सदाशिवरावांनी पुस्तक मिटलं.

निकाल पुढच्या तारखेला लागला. महादूला शिक्षा झाली. बैल कोणाला द्यायचा यावर मॅजिस्ट्रेटनी दोन ओळी लिहिल्या: ज्या रुपीबाईच्या ताब्यातून तो चोरीस गेला, तिच्या ताब्यात द्यावा. देवसिंगचं नाव निकालात आलं, पण एवढंच की त्याची साक्ष सरकारपक्षाच्या उपयोगाची नाही.

सांभाळणाऱ्या शेतकऱ्याने बैल आवारात आणून सोडला. कन्नाकेने रुपीबाईचा अंगठा घेतला. तांड्यातलं कोणी आलं नव्हतं. तिने बैलाच्या गळ्यातला कासरा सोडला आणि त्याला बोलावलं. तो तिच्याकडे आला, तिचा हात हुंगला आणि तिथेच उभा राहिला. आवाराबाहेरच्या रस्त्यावरून मोटारी जात होत्या. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग कासरा त्याच्या गळ्यात घातला आणि त्याला घेऊन गेली. पुंडलिकराव खिडकीत नव्हते. ते आत मारामारीच्या एका चालानाचं वाचन ऐकत होते.

त्या महिन्याच्या अहवालात उमरी तांड्याचा खटला शाबीत म्हणून गेला. यवतमाळहून वरिष्ठांचं पत्र आलं, अवघड प्रकरण कौशल्याने हाताळल्याबद्दल. पुंडलिकरावांनी ते फाईलला लावायला सांगितलं. वच्छलाबाईंना ते कन्नाकेच्या बायकोकडून कळलं.

पुढल्या वर्षी, पोळा होऊन गेल्यावर, एका धुऱ्याच्या भांडणाची जागा पाहायला त्यांना उमरीकडे जावं लागलं. दोन शेतकऱ्यांनी बांधावरून एकमेकांची डोकी फोडली होती आणि नकाशा साक्षीदारांच्या बोलण्याशी जुळत नव्हता. मोटार फाट्यापर्यंत, पुढे कन्नाकेबरोबर पायी. वाट तांड्यातून जात होती. उन्हाचा कडाका होता. तांड्याच्या तोंडाशी एक पांढरं वासरू फिरत होतं, शिंगं अजून फुटली नव्हती, म्हणून गोंडे त्याच्या कानांना बांधले होते. पोरं त्याला वाट देत होती.

रुपीबाईचं घर जुन्याच जागी होतं. दारासमोर खुंटा आणि खुंट्याला गराशा. ती वाकळ उन्हात टाकत होती. तिने दोघांना ओळखलं.

"ये. पाणी पिशीन?"

कन्नाके या वेळी तिला काही बोलला नाही. तिने गडवा भरून आणला. पुंडलिकराव पळसाच्या सावलीत बसले.

"तांडा पंचाइतीले बसला होता म्हणते," ते म्हणाले.

"बसला. दंड केला. गूळ अन् नारळ. सगळ्याइनं खाल्ला, मीबी खाल्ला. आता त्याच्यावर कोनी बोलत नाही. बोलला त्याले दंड."

"म्हणजे त्रास नाही."

"कायचा त्रास? देवसिंग चांगला मानूस हाय. भेटला का काकी म्हणते." तिने बैलाच्या पुढ्यात कडब्याची पेंढी सारली. "गाडीले नाही जुंपत मी याले. जुंपला तरी कोनी काही म्हणणार नाही. आता काय, उगाच बसून खाते, अन् मी कापूस येचाले जातो त्याच्यासाठी. देव होता तवा स्वतःच्या पायानं खाऊन ये."

कन्नाके हसला. पुंडलिकराव पाणी प्याले. पाणी गार होतं, त्याला मातीचा वास होता. बाई बैलाकडे पाहत उभी होती.

"पोळ्याच्या मागंपुढं मानीबाईचं पोरगं तापलं," ती म्हणाली. "लय तापलं. आमच्यात तापलेल्या मानसाले देवाच्या बैलाच्या पायापाशी निजवतात. पण ते नवं वासरू एका जागी उभंच नाही राहात. तर ती पोरगं घेऊन इकडं आली, मागच्या अंगानं, कोनी पाहू नाही म्हून. म्हणे, याडी, माय, जरासं निजवू दे याच्यापाशी."

"मंग?" कन्नाकेने विचारलं.

"मी म्हटलं, नको. हा माहा बैल हाय."

"अन् पोरगं?"

"दारव्ह्याले नेलं दवाखान्यात. तिथी सुई टोचली. वाचलं. आता बोलत नाही मानीबाई माह्याशी."

पुंडलिकराव गडवा हातात धरून बसले होते. समोर बैल रवंथ करत होता. त्याच्या शिंगांवर अजून तेल चमकत होतं.

"निजवू द्या लागत होतं, बाई," ते म्हणाले. "मागच्या अंगानं आली होती ती. कोनाले माहीत झालं असतं?"

"मले," रुपीबाई म्हणाली. मग तिने त्यांच्या हातातला गडवा घेतला. "अजून देऊ का पाणी?"

"नको."

पलीकडे धुऱ्यावर पटवारी साखळी घेऊन ताटकळत उभा होता. पुंडलिकराव उठले, त्यांनी छत्री उघडली आणि कन्नाकेला विचारलं, भांडणाचा बांध पूर्वेकडचा की पश्चिमेकडचा.